अप्पा म्हणतात बाबा वेंगानं युरोपात युद्ध सांगितलंय, मग मी जर्मनीला जाऊ की नको?

पत्र: “ताई नमस्कार. मी २६ वर्षांची, निपाणीजवळच्या गावातली. बेळगावात नर्सिंग केलं, तिथंच तीन वर्षं ड्युटी केली, ड्युटी सांभाळून क्लास लावला आणि जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास झाले. आता तिकडच्या एका हॉस्पिटलची ऑफर आलीय, महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. पण अप्पा नको म्हणतात. बसमधून रिटायर झाल्यापासून ते रात्री जेवण झालं की मोबाईल घेऊन बसतात आणि बाबा वेंगा, नॉस्ट्राडेमस, तिसरं महायुद्ध असले व्हिडिओ बघतात, मराठी संपले की कन्नडातले. त्यांचं म्हणणं, वेंगानं अमेरिकेतले टॉवर पडणार, रशियाची पाणबुडी बुडणार हे सगळं आधीच सांगितलं होतं आणि ते झालं, आता युरोपात युद्ध होऊन तिकडं माणसं उरणार नाहीत असं सांगितलंय, तर तू जायचं नाही. एक एफडी मोडून सोनं घेतलंय, तांदळाची चार पोती आणून ठेवलीत. मी काही बोलले की म्हणतात, आपल्या अप्पाचीवाडीला नाथांच्या नावानं भविष्य सांगतात ती भाकणूक खरी होते की नाही, मग हे पण तसंच. दादा त्यांना तोंडावर ‘येडं लागलंय’ म्हणाला, तेव्हापासून दोघं एका पंगतीला बसत नाहीत. आई गप्प आहे. मी काय करू?”

पोरी, पहिल्यांदा उत्तर देऊन टाकते कारण महिनाअखेर जवळ आलीय. जा. कागदपत्रं नीट तपासून, एजंट कोण काय ते बघून, पण जा. वेंगाच्या नावावर फिरणाऱ्या व्हिडिओसाठी तीन वर्षांच्या नाईट ड्युट्या आणि ती परीक्षा वाया घालवू नकोस. पण अप्पांशी भांडून, त्यांना मागास ठरवून जाऊ नकोस, कारण तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मला वाटतं त्यांची भीती खरी आहे, फक्त ती चुकीच्या बाईच्या नावावर बसलीय. त्याच्याकडं येतेच, आधी त्या बाईचं सांगते म्हणजे तुला अप्पांजवळ बसून बोलताना हाताशी काहीतरी असेल.

बाबा वेंगा म्हटलं की आपल्याकडं निम्म्या लोकांना वाटतं दाढीवाला कुणीतरी साधू असणार. ती म्हातारी बाई होती, बाबा म्हणजे तिकडच्या भाषेत आजी. १९११ ला स्ट्रुमिका नावाच्या गावात जन्मली, ते गाव आता उत्तर मॅसेडोनियात आहे, लहानपणी वादळात सापडून डोळ्यात माती गेली आणि पुढं दृष्टी गेली असं सांगतात, मग बल्गेरियात पेट्रिच आणि रुपिते भागात राहिली आणि ऑगस्ट १९९६ मध्ये वारली. लोक तिच्याकडं रांगा लावायचे, कुणाचं मूल आजारी, कुणाचा नवरा युद्धावरनं परत आला नाही, कुणाला गेलेल्या माणसाविषयी चार शब्द ऐकायचे असायचे. त्या आंधळ्या आजीजवळ बसून कितीतरी लोकांचं मन हलकं झालं असेल आणि त्याबद्दल माझ्या मनात तिच्याविषयी वाईट काहीच नाही. आपल्याकडं पण गावोगावी अशा आज्या होत्या, देवऋषी होते, लोक दुःख घेऊन जायचेच.

पण मुद्दा हा की तिनं स्वतः एकही पुस्तक लिहिलं नाही. ‘२०२५ ला हे, २०२८ ला ते, २०४३ ला अमुक’ अशी तिच्या हातची किंवा तिच्या समोर कुणी लिहून ठेवलेली यादी कुठंच नाही. जे फिरतं ते तिच्या मागं लोकांनी सांगितलेलं, रशियन पेपरांनी छापलेलं आणि नंतर इंटरनेटवर एकानं दुसऱ्याचं उचलून वाढवत नेलेलं आहे, तिच्या जवळच्या लोकांनी पण यातलं बरंच काही ती बोललीच नव्हती असं सांगितलंय. आणि ती जाऊन एवढी वर्षं झाली तरी दर डिसेंबरला तिची नवीन यादी निघते की गं. गेलेलं माणूस दरवर्षी नवीन यादी कसं देईल, एवढा एकच प्रश्न अप्पांना विचार, आवाज न चढवता विचार, आणि मग त्यांना विचार करायला वेळ दे.

पाणबुडीचं घे. १२ ऑगस्ट २००० ला कुर्स्क नावाची रशियन पाणबुडी बुडाली, ११८ माणसं गेली. व्हिडिओत सांगतात की वेंगा १९८० च्या सुमाराला म्हणाली होती ‘कुर्स्क पाण्याखाली जाईल आणि सगळं जग रडेल’, तेव्हा लोकांना कळलं नाही कारण कुर्स्क म्हणजे समुद्रापासून लांबचं शहर, पाणबुडीला त्याचंच नाव दिलेलं. ऐकताना अंगावर काटा येतो, मला पण पहिल्यांदा आला होता. पण मग मी शोधत बसले की पाणबुडी बुडायच्या आधी, म्हणजे ऑगस्ट २००० च्या आधीच्या कुठल्या पेपरात, कुठल्या मासिकात हे वाक्य छापलेलं आहे का. जे काही हाताला लागलं ते सगळं बुडाल्यानंतरचं. टॉवरचं पण तसंच, ‘लोखंडी पक्षी येऊन धडकतील’ हे वाक्य सप्टेंबर २००१ नंतर सगळीकडं आहे, आधी नाही. घटना झाली की मागं जाऊन भविष्य तयार होतं, आणि त्यात तारीख टाकायला काय लागतं, जुना आकडा लिहिला की झालं.

आणि जे चुकलं त्याचं कुणी व्हिडिओ करत नाही. तिच्याच नावावर फिरत होतं की नोव्हेंबर २०१० ला तिसरं महायुद्ध सुरू होऊन ऑक्टोबर २०१४ ला संपेल. झालं का? अमेरिकेचा चव्वेचाळिसावा अध्यक्ष शेवटचा असेल, हे पण तिच्याच नावावर होतं. ओबामा चव्वेचाळिसावे, त्यांच्यानंतर निवडणुका झाल्या, लोक निवडून आले, चाललंय. आणि तुझ्या कामाचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे २०१६ संपेपर्यंत युरोप रिकामा होईल, तिकडं माणूस उरणार नाही, असं पण तिच्याच नावावर सांगत होते. ज्या देशात नर्स कमी पडतात म्हणून तुला बोलावतायत तो त्यांच्या हिशेबानं कधीच ओस पडायला पाहिजे होता. आता तेच भविष्य नवीन तारीख लावून अप्पांच्या मोबाईलवर आलंय. हे त्यांना दाखव, जुने व्हिडिओ अजून तसेच पडून आहेत, २०१६ घालून शोध.

वेंगाची ‘८५ टक्के भविष्यं खरी ठरली’ असं हे व्हिडिओवाले सगळेच म्हणतात. ८५ टक्के कशातले? एकूण किती सांगितली, किती बरोबर आली, किती चुकली, ही मोजणी कुणी केली आणि कुठं ठेवलीय? अप्पा एवढी वर्षं बसमध्ये होते, त्यांना विचार की कंडक्टरनं एकूण तिकिटं किती फाडली ते न सांगता नुसतं ‘पंच्याऐंशी टक्के कॅश जमा’ म्हटलं तर डेपोत चाललं असतं का.

नॉस्ट्राडेमसचं थोडक्यात सांगते, त्याच्यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही. हा १५०३ ते १५६६ मधला फ्रान्सचा माणूस, वैद्यकी करायचा, पंचांगं काढायचा, १५५५ पासून त्याची चार ओळींची कडवी छापली गेली, एकूण ९४२ मिळतात. कडव्यात हिटलरचं नाव आहे म्हणतात, तो शब्द ‘हिस्टर’ आहे आणि ते डॅन्यूब नदीचं जुनं लॅटिन नाव आहे. १९९९ च्या सातव्या महिन्यात आकाशातनं भयाचा राजा येईल हे त्याचं एक साल टाकलेलं कडवं, तो जुलै आला आणि गेला. त्यानं १५५८ च्या पत्रात फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्री राजाला ‘अजिंक्य’ म्हणून गौरवलं आणि पुढच्याच वर्षी राजा खेळातल्या भाल्याच्या घावानं गेला, आणि आज तेच राजाचं मरण त्याचं सगळ्यात गाजलेलं खरं भविष्य म्हणून सांगतात. माहीत होतं तर पत्रात सावध करायचं की नाही? टॉवर पडल्यानंतर ‘देवाच्या नगरीत गडगडाट, दोन भाऊ वेगळे होतील’ असं एक कडवं त्याच्या नावानं जगभर फिरलं, ते कॅनडातल्या नील मार्शल नावाच्या विद्यार्थ्यानं लिहिलेलं निघालं. त्यानं ते टॉवर पडायच्या कितीतरी आधी, मोघम लिहिलं की कशालाही लागू करता येतं हे दाखवायला उदाहरण म्हणून रचलं होतं. म्हणजे जे फसवणूक दाखवायला लिहिलं तेच खरं भविष्य म्हणून लोकांनी वाटलं, हे वाचून मला खूप वाईट वाटलं होतं.

अमेरिकेत जीन डिक्सन म्हणून एक बाई होती. तिचं एक वाक्य १३ मे १९५६ च्या मासिकात खरंच छापलेलं आहे, घटनेच्या आधी, की १९६० ची निवडणूक डेमोक्रॅट जिंकेल आणि तो पदावर असताना मारला जाईल किंवा मरेल. १९६३ ला केनेडींची हत्या झाली आणि ती घराघरात पोचली. पण तीच बाई १९६० ला केनेडी हरणार, त्यांच्याविरुद्धचा निक्सन जिंकणार म्हणाली होती, १९५८ ला महायुद्ध होईल म्हणाली होती, चंद्रावर पहिला माणूस रशियाचा जाईल म्हणाली होती. ही चुकलेली कुणाला आठवत नाहीत. जॉन अॅलन पाउलोस नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं या सवयीला त्या बाईचंच नाव दिलंय, जीन डिक्सन इफेक्ट, बरोबर आलेलं मोठ्यानं सांगायचं आणि चुकलेलं विसरून जायचं. ही सवय आपल्या सगळ्यांची आहे बघ, स्वप्नात कुणी आलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की आपण दहा जणांना सांगतो, बाकी रात्रींची स्वप्नं कुठं आठवतात.

आता भाकणुकीचं. अप्पा इथंच अडलेत असं मला वाटतं, आणि हे नाजूक आहे म्हणून सावकाश सांगते. मी पण अप्पाचीवाडीला गेलेय, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं ते आवार, ढोल-कैताळाचा आवाज, तिथल्या हालसिद्धनाथ देवाच्या नावानं चांगभलं म्हणताना भरून येणारं मन, हे सगळं माझं पण आहे आणि ते कुणी हलकं केलेलं मला चालणार नाही. तू पण अप्पांसमोर करू नकोस. पण भाकणूक कशी असते बघ. हजारो लोकांसमोर होते, ज्याला ऐकायचंय तो कानानं ऐकतो, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते, पाऊसपाणी, पीक, महागाई, राजकारण, कुठंतरी युद्ध. शब्द मोकळे असतात, ऐकणारा आपल्या घरचा अर्थ त्याला लावतो, हे मी श्रद्धा ठेवूनच म्हणतेय. आणि भाकणूक ऐकून घरी आलेला शेतकरी काय करतो? हात जोडतो, भंडारा कपाळाला लावतो आणि मिरगाला आभाळ बघून, ओल बघून पेरतो. पाऊस कमी सांगितला म्हणून कुणी बी घरात ठेवलं नाही, पीक चांगलं सांगितलं म्हणून कुणी फवारणी सोडली नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी देवाचा शब्द आणि रोजचा व्यवहार यांची अशी सांगड घातली होती की एकानं दुसऱ्याचं नुकसान केलं नाही. अप्पांना एवढंच म्हण, की अप्पा, नाथांची भाकणूक ऐकून तुम्ही कधी बस डेपोतनं काढायची थांबवली नाही, मग बल्गेरियातल्या आजीच्या नावावर कुणीतरी तिसऱ्यानंच टाकलेल्या व्हिडिओसाठी माझी गाडी का थांबवता.

आणि खरोखरचं आधी सांगणं कसं असतं ते पण आपल्या भागानं बघितलंय. २०१९ चा ऑगस्ट आठव. वेदगंगा, दूधगंगा पात्र सोडून वर आल्या, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, वाहतूक बंद पडली, नदीकाठच्या गावांनी जनावरं सोडून माणसं हलवली. त्या वेळी आपण सगळे मोबाईलवर काय बघत होतो? कोयनेतून किती क्युसेक सोडलं, राधानगरीचे दरवाजे किती उघडले, अलमट्टीतून विसर्ग किती, आज रात्री पाणी किती फूट चढेल. त्यात आकडा होता, वेळ होती, गावाचं नाव होतं, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळत होतं. ओडिशाचं पण तसंच, १९९९ च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, २०१३ ला तसंच मोठं वादळ आलं तेव्हा हवामान खात्यानं काही दिवस आधी सांगितलं, लाखो लोक हलवले आणि जीव वाचले. कुठलंही भविष्य पुढं आलं की मी हेच विचारते, कुठं, कधी, किती, आणि यातून कुणाचा जीव वाचवता येईल का. वेंगाच्या याद्यांमधून आजवर एक तरी गाव वेळेत रिकामं झालंय का? झालेलं माझ्या वाचण्यात नाही.

कुणी म्हणेल परदेशी लोकांचं सोडा, आपलं ज्योतिष वेगळं. त्याची पण परीक्षा झालीय आणि ती घेणारा माणूस तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर जन्मलेला, कोल्हापूरचे जयंत नारळीकर. त्यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतरांना बरोबर घेऊन २०० पत्रिका जमवल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या, आणि ज्योतिषांना ४०-४० पत्रिका दिल्या, कुठली कुणाची एवढंच ओळखा. ५१ जणांनी घेतल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर, सगळ्यात चांगल्या ज्योतिषाचे ४० पैकी २४. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के आले असते. २००९ मध्ये ते छापून आलंय. अप्पांना हे लगेच सांगू नकोस, त्यांना वाटेल तू देवधर्मावर आलीस, पुढं कधीतरी गप्पांत आलं तर सांग.

त्यापेक्षा त्यांना अष्टग्रहीचं विचार, त्यांच्या घरात पण कुणीतरी सांगितलं असेल. १९६२ च्या फेब्रुवारीत, ३ ते ५ तारखेला, मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून देशभर बोंब झाली होती की जग बुडणार. ठिकठिकाणी यज्ञ, होम, अखंड नामस्मरण. माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं, आजोबा शहाणे माणूस, गावात चार लोक सल्ल्याला यायचे, पण त्यांनी जानेवारीत दुभती म्हैस निम्म्या किमतीत विकली आणि ते पैसे होमाला आणि गावजेवणाला दिले, आता जगच राहणार नाही तर म्हैस कशाला. आई तेव्हा नऊ वर्षांची. ती सांगायची की ५ तारखेच्या रात्री सगळी पोरं आजीच्या लुगड्याला धरून झोपली, आणि ६ तारखेला सकाळी उजाडलं, कोंबडा आरवला, आजी सवयीनं चरवी घेऊन गोठ्यात गेली आणि रिकाम्या दाव्याजवळ उभी राहून रडली. त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या मामाला दूध नव्हतं. ज्यांनी भीती पसरवली त्यांच्यापैकी कुणी म्हैस परत द्यायला आलं नाही. तुझ्या अप्पांची मोडलेली एफडी वाचून मला ती चरवीच आठवली.

आणि आणखी एक सांगते, हे मात्र माझ्या मनातनं जात नाही. अमेरिकेत सिल्विया ब्राउन म्हणून एक नावाजलेली बाई टीव्हीवर लोकांचं भूत-भविष्य सांगायची. क्लीव्हलँड शहरातल्या एका आईची पोरगी हरवली होती, ती २००४ मध्ये त्या कार्यक्रमात गेली आणि ब्राउननं तिला सांगितलं की तुझी पोरगी जिवंत नाही. आई खचली, २००६ ला वारली. आणि मे २०१३ मध्ये ती पोरगी जिवंत सापडली, तिला तिच्याच शहरात एका घरात डांबून ठेवलं होतं. ती बाहेर आली तेव्हा आई नव्हती. २०२० ला करोना आला तेव्हा याच ब्राउनच्या जुन्या पुस्तकातलं ‘२०२० च्या सुमाराला फुफ्फुसाचा आजार जगभर पसरेल’ हे वाक्य सगळीकडं फिरलं, बघा किती खरं म्हणून, अप्पांनी पण बघितलं असणार. ते वाक्य २००८ चं, सार्स येऊन गेल्यानंतरचं. त्या आईची गोष्ट त्याबरोबर कुणी फिरवली नाही. स्वतःचं मरण ब्राउननं ८८ व्या वर्षी सांगितलं होतं, ती ७७ व्या वर्षी गेली. भविष्याचे व्हिडिओ करमणूक म्हणून बघितले तर काय होतं असं लोक विचारतात तेव्हा मला ती आई दिसते.

आता अप्पा. मला वाटतं त्यांची भीती वेंगापासून सुरू झालेली नाही. फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध लागलं तेव्हा आपल्याच भागातली, कर्नाटकातली किती पोरं तिकडं मेडिकलला होती, तळघरात बसून व्हिडिओ कॉल करत होती. १ मार्चला हावेरी जिल्ह्यातला एक पोरगा खारकीवमध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात गेला. कन्नड चॅनेलवर त्याच्या आईवडिलांचे चेहरे दिवसभर दाखवत होते, त्याला घरी आणायला जवळजवळ तीन आठवडे लागले. हावेरी म्हणजे आपल्या हायवेवरचंच गाव की, अप्पा ड्रायव्हर असोत की कंडक्टर, त्या रस्त्याला त्यांना हावेरी माहीत नाही असं होणारच नाही. बापानं ते बघितलं आणि त्यानंतर त्याची पोरगी जर्मन शिकायला लागली. ही भीती अप्पांना शब्दात सांगता येत नाही, आणि मोबाईलवर एक आवाज येऊन सांगतो की तुझी भीती खरी आहे, वेंगानं पण हेच सांगितलंय. म्हणून ते तिला धरून बसलेत. शिवाय पोरगी जाणार, रिटायर झालेला माणूस, दिवस जात नाही, घरात पोरगा एक शब्द बोलत नाही, हे पण आहेच.

म्हणून त्यांच्याशी वेंगावर वाद घालायच्या आधी हावेरीच्या त्या पोराचं बोल. अप्पा, तुम्हाला ते आठवतं का, एवढंच विचार आणि गप्प बस, त्यांना बोलू दे. मग नकाशा काढ. तुझं हॉस्पिटल कुठल्या शहरात, तिथनं युक्रेन किती लांब, मधे कुठला देश, बर्लिनमध्ये आपला दूतावास आहे, म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्गला आपली वाणिज्य दूतावासाची ऑफिसं आहेत, तुझ्या शहराला जवळचं कुठलं, ते त्यांच्याच हातानं एका कागदावर लिहून घे. बापाच्या हाताला काम मिळालं की भीती थोडी उतरते.

एजंटचं कामही त्यांनाच दे. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदलेला आहे का ते दोघांनी मिळून बघा. करारात पगार किती, तुझ्या नर्सिंगच्या डिग्रीला तिकडची मान्यता मिळेपर्यंत कुठल्या पदावर आणि किती पगारावर ठेवणार, राहायची सोय कुणाची, मधेच काम सोडलं तर पैसे परत मागणार का, हे ओळीनं वाचा, न समजलं तर तिकडं आधी गेलेल्या नर्सला फोन करा, बेळगावातल्या तुझ्या बॅचमध्ये कुणीतरी असेलच. खरा धोका या कागदात असू शकतो आणि तो ओळखायला अप्पांसारखा हिशेबी माणूस शेजारी असलेला बरा. त्यात काही वाकडं निघालं तर मी स्वतः तुला नको म्हणेन, मग ऑफर कितीही मोठी असो.

आणि एक वही कर. दोनशे पानी, साधी. अप्पांना म्हण, आजपासून व्हिडिओत जे जे भविष्य सांगतील ते तारीख घालून लिहायचं, कुठं, कधी, काय होणार, आणि खाली तुम्ही सही करा. २०२५ च्या ५ जुलैला जपानात महाभयंकर संकट येणार असं एका बाईच्या स्वप्नावरनं फिरलं होतं, हाँगकाँगवरनं जाणाऱ्या विमानफेऱ्यासुद्धा कमी कराव्या लागल्या, लोकांनी सहली रद्द केल्या, आणि ५ जुलै साधा शनिवार गेला. वहीचं पहिलं पान त्याचं लिही, दुसरं पान २०१६ च्या रिकाम्या युरोपचं. पुढची पानं त्यांची त्यांना भरू दे, तू शेरा मारू नकोस. वर्षभरानं ती वही त्यांनी स्वतः वाचली की तुझ्या-माझ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोग होईल. मोबाईलमध्ये पण असले व्हिडिओ आले की ‘रस नाही’ असं दाबायचं आणि जुनी हिस्ट्री पुसायची, ते त्यांना विचारून कर, लपून करू नकोस. एक बघितलं की त्याच जातीचे दहा पुढं येतात, त्यात त्यांची चूक नाही, ते यंत्र तसंच आहे. त्यांच्या आवडीचं काहीतरी, भजन, कुस्ती, जुने तमाशे, आठवडाभर मुद्दाम लावून दे, रात्रीची यादी बदलते.

सोनं घेतलंय ते राहू दे, त्यावर आता भांडू नका, दुसरी एफडी मात्र मोडायच्या आधी आईची सही लागेल एवढं घरात ठरवा. आईला गप्प बसू देऊ नकोस. तिला जेवण झाल्यावर चुलीजवळ एकटीला गाठून विचार की तुला काय वाटतं, मी जाऊ का. तिचं उत्तर काहीही येवो, ते ऐकून घे.

दादाला माझं एक सांग. बापाला तोंडावर ‘येडं लागलंय’ म्हणायचं नसतं, त्यानं आधी जाऊन ते परत घ्यावं. तू विमानात बसल्यावर त्या घरात अप्पांबरोबर जेवायला तोच असणार आहे. या रविवारी चार पोत्यांतल्या एकाचा तांदूळ काढा, आंबेमोहोर असेल तर बरंच, मटण नाहीतर झुणका जे जमेल ते करा आणि चौघं एका पंगतीला बसा. वही, नकाशा, करार सगळं जेवण झाल्यावर काढ.